नव्या सायकलचे गिअर नीट पडत नाहीत? आधी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवा

नवी सायकल पहिले काही दिवस लोण्यासारखी चालते. मग एक दिवस चढ लागतो, तुम्ही हलका गिअर टाकता, हँडलवरचा शिफ्टर ‘टक’ करतो आणि चेन मात्र जागच्या जागी खडखडत राहते. पुन्हा खटका दाबावा तर मागच्या दातेरी चकत्यांपैकी एकदम दोन चढून जाते. घरी येऊन निरखून बघितलं की मागच्या डिरेलरवर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या भागावर) दोन इवलेसे स्क्रू दिसतात, शेजारी ‘एच’ आणि ‘एल’ अशी अक्षरं. स्क्रू दिसला की तो फिरवून बघायला हात शिवशिवतोच.

तो हात आवरा. नव्या सायकलवर हे दोन स्क्रू बहुधा निर्दोष असतात. बिघडलेला असतो वायरचा ताण, आणि तो बोटांनी फिरवायच्या एका छोट्या बॅरलने ठीक होतो. स्क्रू फिरवले की मूळ दोष तसाच राहतो, वर एक नवा तयार होतो, आणि मग दोन्ही असे मिसळतात की गुंता कुठून सोडवायचा तेच कळत नाही.

इथे सांगतोय ते वायरवर चालणाऱ्या, बाहेर डिरेलर असलेल्या सायकलींसाठी. गिअर मागच्या हबच्या आत असतील किंवा बॅटरीवर चालत असतील तर पद्धत वेगळी.

## सुरू करण्याआधी

मागची सर्वांत लहान चकती म्हणजे सर्वांत जड गिअर. ती सगळ्यात बाहेर असते. सर्वांत मोठी चकती म्हणजे सर्वांत हलका गिअर. ती स्पोकला लागून. उजव्या शिफ्टरवरचा १ म्हणजे ही मोठी चकती. वायर ओढली गेली की चेन मोठ्या चकतीकडे चढते. वायर सैल सुटली की डिरेलरमधली स्प्रिंग तिला लहान चकतीकडे आणते. चढवायचं काम वायरचं, उतरवायचं स्प्रिंगचं. एवढं लक्षात राहिलं तरी निम्मे दोष नुसते ऐकून ओळखता येतात.

आता नव्याच सायकलला हे का होतं? ‘वायर ताणली गेली’ असं सगळे म्हणतात, पण पोलादी वायर फारशी ताणली जात नाही. वायरभोवतीचं जे आउटर असतं, त्याची टोकं पहिल्या काही दिवसांत टोप्यांमध्ये आणि फ्रेमवरच्या खाचांमध्ये दबून बसतात. आउटर तेवढं आखूड पडतं आणि वायर सैल होते. हा सैलपणा डोळ्यांना दिसणारही नाही इतका असतो, पण गणित बघा. शिमानोच्या ८ गिअरच्या कॅसेटमध्ये, म्हणजे मागच्या चकत्यांच्या संचात, एका चकतीपासून दुसरी ४.८ मिलिमीटरवर असते आणि एका खटक्याला वायर साधारण २.८ मिलिमीटर ओढली जाते. म्हणजे वायर अर्धा मिलिमीटर सैल झाली की चेन जवळजवळ एक मिलिमीटर चुकते. ११ गिअरच्या रोड कॅसेटमध्ये तर चकत्यांमधलं अंतर पावणेचार मिलिमीटरच्या आसपास असतं. तिथे चुकायला वावच नाही.

हाताशी हे ठेवा: ५ मिलिमीटरची ॲलन की (काही डिरेलरवर तिच्या जागी नट असतो, मग पाना), फुलीचा स्क्रू ड्रायव्हर, चिमटा, फडकं आणि मार्कर पेन. स्क्रू ड्रायव्हर स्क्रूच्या खाचेत घट्ट बसतोय ना, ते बघा. शिमानोसारख्या जपानी बनावटीच्या डिरेलरवरचे स्क्रू फुलीचेच दिसतात, पण नेहमीचा फिलिप्स त्यांत अर्धवट बसतो, निसटतो आणि खाच गोल करून ठेवतो.

मागचं चाक मोकळं फिरायला हवं. स्टँड नसेल तर सायकल सीटखालून दोरीने टांगा. उलटी करून हँडल-सीटवर उभी केली तरी काम होतं, पण मग डावं-उजवं, वर-खाली सगळं उलटं होतं आणि पहिल्यांदाच करणारा हमखास गोंधळतो. हायड्रॉलिक ब्रेक असतील तर उलटी करणं टाळाच.

खबरदारी: चाक फिरत असताना बोटं चेन, चकत्या आणि स्पोकपासून लांब. एका हाताने पेडल, दुसऱ्याने शिफ्टर. लहान मुलांना शेजारी बसवू नका. त्यांना फिरत्या चकतीला हात लावायचाच असतो.

## पायरी १: दोष कोणता ते ओळखा, लिहून ठेवा

पान्याला हात लावण्याआधी पुढे एकाच चेनरिंगवर (पेडलजवळची दातेरी चकती) चेन ठेवून मागचा एकेक गिअर चढत आणि उतरत टाकून बघा. दिशा महत्त्वाची, म्हणून कागदावर लिहा.

चेन मोठ्या चकतीकडे जायला कचरते, पण लहानकडे पटकन येते: वायर सैल आहे. नव्या सायकलवर सर्वांत जास्त दिसणारा दोष हाच.

मोठ्याकडे झटकन जाते, लहानकडे यायला आढेवेढे घेते: वायर जास्त ताणलेली, नाहीतर आउटरमध्ये कुठेतरी अडकते आहे. आउटरला तीव्र वळण पडलं असेल किंवा त्याचं टोक चेपून कापलं असेल तर स्प्रिंगचा जोर कमी पडतो. अशा वेळी बॅरल कितीही फिरवा, उपयोग नाही.

मधल्या चकत्या ठीक, फक्त टोकाची एक चकती मिळत नाही किंवा चेन टोकाच्याही पलीकडे पडते: इथे ‘एच’-‘एल’ या लिमिट स्क्रूंवर संशय घ्यायला हरकत नाही.

मधल्या चकत्यांवर जुळवलं की मोठ्यांवर आवाज, मोठ्यांवर जुळवलं की लहानांवर: डिरेलर टांगायचा कान, म्हणजे हँगर, वाकलेला असण्याची शक्यता दाट.

गिअर न बदलता पेडल मारताना ठरावीक फेऱ्यांनी एकदा उडी बसते: हा गिअरचा दोषच नाही. चेनची एखादी कडी आखडली आहे. पेडल उलटं हळू फिरवा, आखडलेली कडी पुलीवरून (डिरेलरमधल्या छोट्या दातेरी चाकावरून) जाताना उठून दिसते.

## पायरी २: चाक, हँगर, आउटर

ही पायरी लोक गाळतात आणि मग तासन् तास बॅरल फिरवत बसतात.

चाक. खोक्यातून आलेल्या किंवा गाडीत घालून आणलेल्या सायकलचं चाक पुष्कळदा खाचेत तिरकं बसवलेलं असतं. सायकल जमिनीवर सरळ उभी करा, मागचं चाक सैल करा, सीटवर भार देऊन चाक खाचेत पूर्ण बसू द्या आणि मग आवळा. क्विक रिलीजचा दांडा मिटताना तळव्यावर वळ उठेल इतका घट्ट हवा. चाक एका बाजूला दोन मिलिमीटर जरी वर राहिलं तरी सगळ्या चकत्या डिरेलरच्या तुलनेत तिरक्या होतात.

हँगर. डिरेलर फ्रेमला ज्या छोट्या कानाला टांगलेला असतो तो हँगर. ॲल्युमिनियमच्या फ्रेमवर तो मुद्दाम मऊ ठेवलेला असतो. आपटल्यावर फ्रेम वाचावी आणि तो वाकावा किंवा तुटावा म्हणून. नवी सायकल प्रवासात उजव्या अंगावर आडवी ठेवली गेली असेल तर चालवण्याआधीच तो वाकलेला असू शकतो.

माझ्या भाचीच्या नव्या सायकलवर मी अशीच एक अख्खी दुपार घालवली. बॅरल पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे. मधले गिअर जुळायचे, टोकाचे करकरायचे. “मामा, तू मघापासून तेच करतोयस,” असं तिने सुनावल्यावर मी उठलो आणि पहिल्यांदाच सायकलच्या मागे जाऊन उकिडवा बसलो. वरची पुली चकतीच्या रेषेत होती आणि खालची चांगली अर्ध्या पेराएवढी स्पोककडे झुकलेली. दोन मिनिटांत दिसलं असतं.

तेव्हा तुम्ही आधीच मागे बसा. चेन मधल्या चकतीवर ठेवा, एक डोळा मिटा आणि चकती, वरची पुली, खालची पुली या तिन्ही एका उभ्या रेषेत आहेत का बघा. खालची आत किंवा बाहेर कललेली असेल तर इथेच थांबा. हँगर हाताने किंवा डिरेलर धरून सरळ करायला जाऊ नका; तो तडकतो नाहीतर डिरेलरचे आटे मरतात. मेकॅनिककडे हँगर मोजून सरळ करायचं खास लांब दांड्याचं हत्यार असतं. सुटा हँगर बदलूनही मिळतो, फक्त तो त्याच फ्रेमचा लागतो, दिसायला सारखा दुसरा चालत नाही.

आउटर. प्रत्येक टोक आपापल्या खाचेत पूर्ण बसलंय का बघा. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा. वायर ताणली जाऊन गिअर आपोआप बदलत असेल तर आउटर आखूड कापलेलं आहे.

तपासणी: चाक सरळ, पुल्या एका रेषेत, आउटर खाचेत. तिन्ही ‘हो’ असतील तरच पुढे.

## पायरी ३: लिमिट स्क्रू तपासा, फिरवायची घाई नको

लिमिट स्क्रू गिअर जुळवत नाहीत. ते फक्त कुंपण आहेत. ‘एच’ चेनला लहान चकतीच्या बाहेर पडू देत नाही, ‘एल’ तिला मोठ्या चकतीपलीकडे स्पोकमध्ये जाऊ देत नाही. दोन्ही घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवले की कुंपण चकत्यांच्या दिशेने सरकतं, उलट फिरवले की त्यांच्यापासून लांब. फिरवण्याआधी स्क्रूच्या डोक्यावर आणि शेजारी मार्करने एकच रेघ मारून ठेवा, म्हणजे मूळ जागा परत सापडते.

चेन सर्वांत लहान चकतीवर आणा आणि शिफ्टर पूर्ण सोडून द्या. मागून बघा: वरची पुली लहान चकतीच्या बरोबर खाली किंवा केसभर बाहेर हवी. ती आत राहत असेल तर लगेच ‘एच’ सैल करू नका. आधी वायरच तिला ओढून धरत नाही ना, ते बघा. बॅरल दोन फेरे आत घालून फरक पडला, तर स्क्रू निर्दोष आहे.

आता ‘एल’. पुढे सर्वांत लहान चेनरिंगवर ठेवा. एका हाताने पेडल हळू पुढे फिरवत राहा आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने डिरेलरचं अंग आत, चाकाकडे ढकला. अंग म्हणजे वरचा जाड भाग, पुलीचा पिंजरा नव्हे. चेन सर्वांत मोठ्या चकतीवर न अडखळता चढली पाहिजे आणि तिथेच थांबली पाहिजे. जोर लावूनही ती पुढे जाता कामा नये. पुढे जात असेल तर ‘एल’ पाव फेरा आत. मोठ्या चकतीवर चढतच नसेल तर पाव फेरा बाहेर.

खबरदारी: ‘एल’ जास्त सैल राहिला की चेन चकती आणि स्पोक यांच्यामध्ये पडते, डिरेलर चाकात ओढला जातो आणि चाक जागीच अडकतं. स्पोक, डिरेलर, हँगर सगळं एका झटक्यात जातं, आणि बसलेला माणूस पडतो ते वेगळं. या स्क्रूबद्दल शंका असेल तोवर सायकल रस्त्यावर नेऊ नका.

डिरेलर असा मोठ्या चकतीपर्यंत ढकललेलाच आहे, तर तिसरा स्क्रूही बघून घ्या. तो डिरेलरच्या मागच्या बाजूला, हँगरला टेकणारा असतो. त्याला बी-स्क्रू म्हणतात. मोठ्या चकतीचे दाते आणि वरची पुली यांत नेहमीच्या कॅसेटवर ५-६ मिलिमीटर अंतर पुरतं. पुली दात्यांना घासत असेल तर हा स्क्रू आत घ्या. पुढे एकच चेनरिंग आणि मागे खूप मोठी चकती असलेल्या माउंटन बाइकवर अंतर जास्त लागतं. तिथे कंपनीच्या पुस्तिकेतलाच आकडा धरा.

## पायरी ४: वायरचा सैलपणा काढा

वायर थोडीच सैल असेल तर ही पायरी सोडून थेट बॅरलकडे गेलात तरी चालेल. पण चेन लहान चकतीवर असताना वायर लोंबत असेल, किंवा बॅरल आधीच बरंच बाहेर आलेलं असेल, तर हे करावंच लागतं.

चेन लहान चकतीवर. शिफ्टर जड गिअरच्या दिशेने दाबत राहा, खटके संपेपर्यंत. इथे चूक होते: चेन लहान चकतीवर दिसते, पण शिफ्टरमध्ये एक खटका शिल्लक असतो. तशीच वायर आवळली तर पुढे सगळे गिअर एका घराने चुकतात.

बॅरल पूर्ण आत घाला, मग दीड-दोन फेरे बाहेर काढा. पुढे दोन्ही दिशांना वाव राहतो. वायर कशी बसवली आहे त्याचा फोनवर फोटो काढा. बोल्टखाली तिच्यासाठी बारीक खाच असते, आणि वायर बोल्टच्या चुकीच्या बाजूने गेली तर एका खटक्याला किती ओढ लागते तेच बदलतं. बोल्ट सैल करा, वायर चिमट्याने ओढून फक्त ढील काढा, खाचेत बसवा, आवळा. तंबोऱ्याच्या तारेसारखी ताणायची नाही. टॉर्क पाना असेल तर शिमानोच्या बहुतेक मागच्या डिरेलरसाठी ६ ते ७ न्यूटन मीटरच्या आसपास.

आता चाक थांबलेलं असताना फ्रेमवर उघडी दिसणारी वायर मुठीत धरून तीन-चार वेळा बाहेरच्या बाजूला ओढा, बेताच्या जोराने. वायर फ्रेमच्या आतून जात असेल तर चाक थांबलेलं ठेवूनच हलक्या गिअरचा खटका दोन-चार वेळा दाबून सोडा. आउटरची टोकं जी दबायची ती इथेच दबतात. पुन्हा बघा, ढील आली असेल. ती काढून परत आवळा. आठवड्याभराने पुन्हा हेच करत बसायचं नसेल तर ही दोन मिनिटं वाया जात नाहीत.

## पायरी ५: बॅरल

खरं काम इथे आहे. बॅरल डिरेलरवर आउटर शिरतं तिथे असतं, किंवा शिफ्टरवर, किंवा दोन्हीकडे. दिशा पाठ करू नका, बॅरलकडे बघा. ते बाहेर येत असेल तर ताण वाढतोय, आत जात असेल तर कमी होतोय. डिरेलरवरच्या बॅरलसाठी आणखी एक खूण: सायकलच्या मागे बसा आणि चेन ज्या बाजूला जायला हवी त्या बाजूला बॅरलचा माथा फिरवा. चाकाकडे जायला हवी, तर चाकाकडे.

लहान चकतीवरून सुरू करा. पेडल फिरवत एकच खटका द्या. चेन दुसऱ्या चकतीवर चढली नाही, तर पाव फेरा बाहेर. एकदम तिसरीवर गेली, तर पाव फेरा आत. पाव फेऱ्याहून जास्त एका वेळी नाही, आणि दर वेळी पेडल दोन-तीन फेरे मारून ऐका.

दुसऱ्या चकतीवर बसली की कान लावा. बॅरल थोडं थोडं बाहेर काढत राहा, चेन तिसऱ्या चकतीला हलकेच घासायला लागेपर्यंत. बारीक ‘टिक टिक टिक’ येईल. आला की बॅरल इतकंच आत घाला की तो आवाज नुकता बंद व्हावा. जुळलं.

आता एकेक खटका देत मोठ्या चकतीपर्यंत जा आणि एकेक करत परत या. एखाद्याच चकतीवर हलका आवाज राहिला तर आठवा फेरा इकडे-तिकडे करून बघा. त्यापुढे मागे लागू नका. मोठ्या चकतीकडे नेताना आणि परत येताना दोन्हीकडे गिअर एका खटक्यात पडणं महत्त्वाचं. स्टँडवर ऐकू येणारा किंचित आवाज रस्त्यावर ऐकूही येत नाही.

तपासणी: बॅरल चार-पाच फेरे बाहेर येऊनही जुळत नाही? पुढे फिरवू नका, आट्यांमधून सुटून हातात येईल. पायरी ४ वर परत जा. आणि एका दिशेने जुळवलं की दुसरी दिशा बिघडते असं होत असेल, तर वायर आउटरमध्ये अडकते आहे किंवा हँगर वाकडा आहे, पायरी २.

## पायरी ६: पुढचा डिरेलर (असेल तर)

मागचं पूर्ण झाल्याशिवाय पुढच्याला हात लावू नका. आणि आधी हे ठरवा की दोष खरंच आहे का. पुढे मोठी चेनरिंग आणि मागे मोठी चकती, किंवा दोन्हीकडे लहान, असं चालवताना चेन तिरकी जाते आणि पुढच्या डिरेलरच्या दोन पट्ट्यांच्या पिंजऱ्याला घासते. तो बिघाड नाही. ती जोडी वापरायचीच नसते.

पिंजऱ्याची बाहेरची पट्टी मोठ्या चेनरिंगला समांतर हवी आणि दात्यांच्या वर १ ते ३ मिलिमीटर. हे चुकलेलं असेल तर स्क्रूने काहीच सुधारत नाही. क्लँप सैल करून डिरेलर जागेवर आणावा लागतो. मग क्रम असा: पुढे लहान, मागे मोठी चकती, आतली पट्टी आणि चेन यांत अर्ध्या मिलिमीटरपर्यंत फट, ‘एल’ने. वायरची ढील काढा. मग पुढे मोठी, मागे लहान. बाहेरची पट्टी आणि चेन यांत तेवढीच फट, ‘एच’ने. चेन बाहेर पडून पेडलकडे येत असेल तर ‘एच’ आत, फ्रेमच्या बाजूला पडत असेल तर ‘एल’ आत. काही डिरेलरवर या दोन स्क्रूंच्या जागा अदलाबदल असतात, म्हणून जागा नव्हे, अक्षर बघा.

## पायरी ७: रस्त्यावर

स्टँडवर पास झालेली सायकल रस्त्यावर नापास होते, कारण तिथे चेनवर तुमचा भार येतो. मोकळ्या सपाट रस्त्यावर सगळे गिअर चढत-उतरत टाका, मग हलक्या चढावर. गिअर बदलताना पेडल फिरत राहायला हवं, पण त्या अर्ध्या फेरीपुरता पायाचा जोर कमी करा. चढाच्या मध्यावर, उभं राहून, सगळा भार देऊन गिअर टाकला की कितीही नीट जुळवलेला डिरेलर खडखडणारच. चढ सुरू होण्याआधी टाका.

रस्त्यावर काही चुकलं तर थांबून बॅरल पाव फेरा. लिमिट स्क्रू नाही. पहिल्या शंभर-दीडशे किलोमीटरनंतर ताण पुन्हा थोडा उतरेल. तेव्हा पुन्हा पाव-अर्धा फेरा लागला, तर तुम्ही काही चुकलात असं समजू नका.

वायरच्या मोकळ्या टोकाला टोपी आहे ना बघा. नसेल तर तिचे धागे सुटतात, पिंढरीला टोचतात आणि पुढच्या वेळी ती वायर खाचेत बसत नाही.

हँगर वाकडा निघाला, वायरचे धागे तुटलेले दिसले किंवा पुलीचा पिंजरा पिळलेला असला तर सायकल मेकॅनिककडे न्या, आणि पायरी १ चा कागद सोबत घ्या. ‘गिअर खराब आहेत’ म्हटलं की तो दोन स्क्रू फिरवून परत देईल. ‘चौथ्यावरून तिसऱ्यावर जाताना कचरतात, येताना ठीक येतात, चाक नीट बसवलंय, खालची पुली आत झुकलेली दिसते’ असं सांगितलंत तर तो आधी हँगर मोजायचं हत्यार काढेल.